दुसऱ्या बशीतले थेंब

प्रिय ठकू,

हे पत्र वाचून होईपर्यंत त्या पेशी फेकू नकोस. काल फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, की दोन महिने जपलेल्या स्नायूंच्या पेशी बिघडल्या, सोमवारी सगळ्या टाकून पहिल्यापासून सुरुवात करणार. तुझी मैत्रीण उद्या तिकडे निघालीय, तिच्या हाती हे देतोय. सांगायचंय ते दोन ओळींत मावेल, पण तुझा बाप पडला सुतार, आधी चौकट उभी केल्याशिवाय त्याला पुढचं सुचत नाही.

गेल्या आठवड्यात तू प्रयोगशाळा दाखवलीस, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. खरं तर मी तुझं मन राखायला आलो होतो. तू मला पांढरा कोट चढवलास, बटणं वरखाली लावली म्हणून हसलीस आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंस. आधी नुसता काळोख, मग लांबट पेशी आणि प्रत्येकीच्या पोटात हिरव्या ठिपक्यांचा पुंजका. ही साखरेची दारं, म्हणालीस. मला वाटलं, बापाला कळावं म्हणून पोरगी सुतारकामातलं बोलतेय. दारं भिंतीत असतात, आत ढीग लावून ठेवायला ती काय वखारीतली फळकुटं आहेत? मग तुझ्या बाटलीतला इन्शुलिनचा थेंब तू माझ्याच हाताने पेशी ठेवलेल्या काचेच्या बशीत टाकायला लावलास.

पंधरा मिनिटं झाली असतील. ठिपके निघाले! ठकू, चाळीस वर्षं मी दारं बसवतोय. एकेका दाराला दोन माणसं, पाचरी, ओळंबा आणि पोटभर शिव्या लागतात. इथे कुणी ठोकलं नाही, उचललं नाही, आतली दारं आपापली भिंतीशी गेली, भिंतीत मिसळली आणि पेशींच्या कडा हिरव्यागार झाल्या. इन्शुलिन त्यासाठी आत जात नाही म्हणालीस, बाहेरूनच स्पर्श करतं आणि निरोप आत पोचतो. मग ताटकळलेली साखर आत शिरते, आणि इन्शुलिन ओसरलं की दारं पुन्हा पोटात. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा केवढा तरी वाटा अशा दारांनी स्नायूंत जातो. हे माझ्या दंडात, माझ्या मांड्यांत जन्मापासून चाललंय आणि मला पत्ताच नाही! अंगावर काटा आला. तू बघत होतीस म्हणून मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

पण तुला माहीत नाही ते आता ऐक. तीन महिने इन्शुलिनच्या सुया टोचून माझी साखर हटत नव्हती, तळपायाची जखम भरत नव्हती, डॉक्टरीणबाई डोस वाढवत होत्या. हे औषध म्हणजे निव्वळ पाणी, असं मी मनाशी धरलं होतं. पाय कापून टाकतील या धास्तीने झोप उडाली होती, तरी सुया बंद करायचं ठरवूनच तुझ्याकडे आलो होतो. तेवढ्यात तुला कुणी बाहेर बोलावलं. दुसऱ्या बशीतही बाटलीतलंच टाका, असं सांगून तू गेलीस. माझं इन्शुलिन टोचायचं पेन खिशात होतं. डोक्यात किडा वळवळला, आणि मी त्यातले दोन थेंब बशीत सोडले. तू आलीस, अर्धा तास वाट पाहिलीस, एक ठिपका जागचा हलला नाही. तुझा चेहरा उतरला, एका बशीत चालतात आणि दुसरीत नाहीत अशा पेशींचा भरवसा काय, म्हणालीस. मी मात्र, बघ माझंच खरं निघालं म्हणून, थेंबांचं सांगितलंच नाही.

काल तुझा फोन ठेवला आणि दुकानात जाऊन पेनांचा डबा उचलला, तर तो हाताला गरम लागला. फ्रिजमध्ये ठेवतो असं तुला सांगत आलो, ती थाप होती. गार झाला की लाकूड जोडायचा सरस गोठतो, तसं हेही गोठून सुईत अडकेल, असं माझं शहाणपण. म्हणून तीन महिने पेनं सरसाच्या शेगडीवरच्या फळीवर, उबेत. मीच ते औषध शिजवून मारलं. तुझ्या पेशी ठणठणीत आहेत गं, मेलेल्या इन्शुलिनला त्यांनी दाद दिली नाही इतकंच. आज सकाळी डॉक्टरीणबाईंना सगळं कबूल केलं. त्यांनी आधी झापलं, मग चांगलं औषध त्या वाढीव डोसात झेपणार नाही म्हणून डोस निम्म्यावर आणला. नवं पेन टोचलं, जेवलो, दोन तासांनी साखर मोजली, तर कितीतरी दिवसांनी दोनशेच्या आत. माझ्यावर हवी तेवढी रागाव, तो तुझा हक्क आहे. मी मात्र बाही वर करून बराच वेळ दंडाकडे बघत बसलो होतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. तरी हात जोडावेसे वाटले, आणि जोडले.

तुझाच,
चोरून थेंब टाकणारा बाप