एक्केचाळिसावा फॉर्म

बाबा, तुमचा फॉर्म अजून माझ्याजवळ आहे. चाळीस फॉर्म भरून विद्यापीठात जमा केले, हा एक्केचाळिसावा तेवढा राहिला. वर तुमचं नाव, वय, राहणार पांढुर्णा, नोकरी सौंसरच्या कोर्टात चपराशी, एवढं माझ्या अक्षरात. खाली चौदा प्रश्न, आणि चौदाही कोरे. परवा ताईनं कपाटावरची पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि विचारलं, हे रद्दीत देऊ का. मी म्हटलं, राहू दे. ताई सहा वर्षांपासून माझ्याकडे नागपूरला आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तेव्हा हे तुम्हाला कोण सांगणार?

मी हा विषय का घेतला, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. मानसशास्त्र आणि त्याच्या जोडीला गुन्हेशास्त्र. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरगी पोलिसात जाणार वाटतं, नाहीतर वेड्यांच्या दवाखान्यात. खरं तर हे तुमच्याचमुळे झालं. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला एकदा सौंसरला घेऊन गेलात. आई तापानं फणफणली होती आणि ताई तिच्यापाशी बसली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसवून मला सांगितलंत, हलायचं नाही. मग तुम्ही आतून कपड्यात गुंडाळलेलं, लाखेचं सील फोडलेलं काहीतरी घेऊन निघालात आणि माझ्यासमोरून जाताना कापड एका बाजूनं सरकलं. कुऱ्हाड होती. पात्याला काळं वाळलेलं रक्त आणि त्यात चिकटलेले दोन-तीन केस. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणात, एका माणसानं सख्ख्या भावाचा हात कोपरापासून तोडला होता. तो तोडणारा माझ्यापासून चार हातांवर बिडी ओढत बसला होता, आणि हात तुटलेला भाऊ त्याच भिंतीला टेकून, पलीकडच्या टोकाला. तुम्ही दारात उभे राहून पुकारा केलात, दोघं एकदमच उठले. घरी येताना बसमध्ये मी विचारलं की त्यानं काऊन तोडला. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "काऊन, हे कोर्ट इचारत नाई. कोर्ट इचारते, केलं का नाई केलं." मला त्या वयातही ते उत्तर अर्धवट वाटलं होतं.

त्या अर्धवट उत्तरापायी मी सागरच्या विद्यापीठापर्यंत गेले. जायच्या दिवशी तुम्ही मला कोर्टात वकील वापरतात तसं चिमट्याचं पॅड दिलंत, छिंदवाड्याहून मुद्दाम आणलेलं. त्यावर कागद अडकवून मी तिथं हिंदीतून लिहायला शिकले. रागाचे प्रकार शिकले, घाव मोजायला शिकले, कुठली दुखापत साधी आणि कुठली गंभीर ते शिकले. एक डोळा गेला तर गंभीर, हेही तिथंच पाठ केलं. आणि शिकले आशय. नुसता हात उठून गुन्हा पुरा होत नाही, त्यामागं ठरवलेलं मन लागतं. सर म्हणायचे, जमावात हे मन शोधायला जाल तर हात हलवत परत याल. मी म्हटलं, आमच्या गावी वर्षातून एक दिवस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला असा जमाव भरतो, मी तिथंच शोधते. तुमची मुलगी ना मी. जिथं जाऊ नये म्हणतात तिथं पाय आधी.

त्या वर्षीच्या आखाडात ताई घरी आली होती. मी सुट्टीवर होते. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि स्वयंपाक तुम्हीच करायचात. तुम्ही चुलीपुढं बसून भाकरी थापताय, मी बेसनाला फोडणी देतेय, आणि ताई सासरहून, नदीपलीकडच्या सावरगावहून, पूल ओलांडून एकटी, चपलांशिवाय दारात उभी राहते. डावा हात तिनं पदरात बांधला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कातडीखाली त्याचं टोक दिसत होतं. भाऊजींनी पाटा उचलून मारला होता, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. तिनं रडूनही दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मले आता इथंच राहू द्या."

तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत, हाड बांधून आणलंत, तीन दिवस स्वतःच्या हातानं जेवू घातलंत. मी पोलिसात रिपोर्ट लिहायचा म्हणाले, कलमंही सांगितली. माझी भारी घमेंड होती तेव्हा, नवीन शिकले होते ना. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कोर्ट मी रोज पाह्यून राह्यलो. बाईले तिथं तारीख भेटते, दुसरं काई नाई." चौथ्या दिवशी सकाळी तिची पिशवी हातात घेऊन तुम्ही पुढं आणि बांधलेला हात सांभाळत ती मागं, असे पुलावरून गेलात. मी गच्चीवरून बघत होते. तिनं पुलाच्या मधोमध एकदा मागं वळून पाहिलं. त्या क्षणी मला तुमचा असा राग आला, की तो आजही तसाच आहे.

मग पोळ्याच्या आधी दोन आठवडे मी पॅड घेऊन दारोदार फिरले. वीस खेळणारे पांढुर्ण्याचे, वीस सावरगावचे. आपल्याकडचे त्यांना खेळणारेच म्हणतात. कुणाच्या कवटीत खोक, कुणाचे पुढचे दात गेलेले, एकाचं नाक चपटं होऊन गालाला लागलेलं, आणि सगळे ते हसत हसत दाखवायचे. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. आपल्याकडच्यांनी ते कुऱ्हाडीनं तोडायचं, सावरगावकरांनी तोडू द्यायचं नाही, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून गोट्यांचा मारा. सागरला हे समजावताना माझी दमछाक व्हायची. आणि एक नियम, जो कुणी लिहून ठेवलेला नाही पण चाळीसही जणांनी मला सांगितला: गोटमारीत लागलं त्याची रपोट होत नाही. गोटा कुणाचा, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळी दोन्ही गावं चंडीच्या देवळात जातात, जखमेला अंगारा लावतात आणि ज्यानं फोडलं त्याच्याच गळ्यात पडतात. माझा अकरावा प्रश्न होता, तुम्ही कधी ओळखीच्या माणसावर नेम धरून गोटा मारला आहे का? चाळीसही जण नाही म्हणाले. बहुतेकांना या प्रश्नाचं हसू आलं.

सावरगावच्या विसांत भाऊजी होते. मीच त्यांचं नाव घातलं होतं. ताईनं एका हातानं चहा केला. भाऊजी खाटेवर बसून छाती फुगवून बोलत होते. दरवर्षी झाडाच्या वरच्या अंगाला जो सपाट खडक आहे त्यावर उभा राहतो. लाल फडकं डोक्याला बांधतो, म्हणजे दुरून दिसलं पाहिजे. चार वाजता एकदा चहा पिऊन येतो आणि पुन्हा त्याच खडकावर. आणि गोटा येताना दिसला तरी मान हलवत नाही, मान हलवणारा मर्द नाही. मी सगळं उतरवून घेतलं. ताईनं कप उचलताना तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे डाग दिसले. ते मी उतरवून घेतले नाहीत, तो रकानाच नव्हता.

त्या संध्याकाळी तुम्ही सौंसरहून आलात, हातपाय धुतले, आणि चुलीपुढं बसलात. मी तुमचा फॉर्म पुढं केला. तुम्ही सात-आठ वर्षांपूर्वी खेळणं सोडलं होतं, पण जुने खेळणारे म्हणून मला तुम्ही हवे होतात. अकरावा प्रश्न वाचला तेव्हा तुम्ही पिठाचा हात कागदावर ठेवलात आणि म्हणालात, "माहा राहू दे. दुसऱ्यायचे वाचून दाखव." मी वाचायला लागले. तो आपल्या दाराला अडकण म्हणून ठेवलेला काळा गोल गोटा आठवतो ना, जामच्या पात्रातला, मुठीत मावेल एवढा? तुम्ही ऐकता ऐकता पायानं तो मागंपुढं करत होतात. मी वाचत गेले आणि तुम्ही भाकऱ्या करत गेलात.

गोटमारीच्या दिवशी मी नदीकाठच्या एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर होते. खाली माणसांचं नुसतं रान उसळलं होतं. सकाळीच एका पोराच्या कपाळाचं हाड उघडं पडलं, त्याला चौघांनी उचलून नेलं आणि त्याच्या जागी लगेच पाचवा उभा राहिला. जामचं पाणी काठाशी तांबडं झालं होतं, आणि त्यात उभी राहून माणसं ओंजळीनं तोंडावरचं रक्त धूत होती आणि पुन्हा वाकून गोटे वेचत होती. ढोल वाजतायत, मी कुठल्या तासाला किती जखमी हे लिहितेय. साडेतीनला तुम्ही मला दिसलात. पांढरा सदरा, कोर्टाचीच खाकी पँट. तुम्ही गर्दीत शिरला नाहीत. काठाकाठानं वर गेलात, सपाट खडकाच्या समोर, जिथून अंतर वीस पावलंही नाही, आणि एका तुटक्या भिंतीशी उभे राहिलात. अर्धा तास तुम्ही एकही गोटा उचलला नाहीत. आजूबाजूला गोटे पडत होते, एक तुमच्या खांद्यावर बसला, तरी नाही. चारनंतर लाल फडकं खडकावर चढलं. तुम्ही खिशातून हात काढलात आणि एकदाच फेकलंत.

भाऊजींनी मान हलवली नाही. चेहऱ्याला दोन्ही हात लावून ते गुडघ्यांवर बसले, मग आडवे पाण्यात पडले. बोटांमधून जे वाहत होतं ते मला गच्चीवरून दिसलं. सावरगावकरांनी ओढत वर नेलं तेव्हा डोळा गालावर लोंबत होता. गोटा बसल्याबरोबर माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो आनंदाचा होता. मला हे लपवता येत नाही. एका क्षणापुरती मी त्या सगळ्या ओरडणाऱ्यांपैकीच एक होते. मग मी चारच्या तासापुढं आणखी एक जखमी लिहिला.

दवाखान्यात तुम्ही त्यांच्या खाटेशी बसून चमच्यानं चहा पाजलात. अर्धं तोंड पट्टीत. ताई पायाशी उभी, गळ्याचं हाड अजून नीट सांधलेलं नव्हतं. भाऊजींनी विचारलं, "मामाजी, कोनाचा होता, तुमाले दिसलं का?"

"गर्दीत कोनाले दिसते, जवाई," तुम्ही म्हणालात. ताईनं तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. घरी परतताना तुम्ही वाटेत एकच वाक्य बोललात, आता त्याचा हात आखडेल. घरी आलो तर दार वाऱ्यानं आपटत होतं. अडकणीचा गोटा जागेवर नव्हता. मी दुसरा शोधून लावला आणि तुम्ही भाकरीचं पीठ काढायला घेतलंत.

हात सहा महिने आखडला, बाबा. मग त्यांना कारण मिळालं. तुह्या गावच्या गोट्यानं माहा डोळा नेला, असं म्हणून मारायचे. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, म्हणून हाताला लागेल ते अगदी जवळून फेकायचे. तांब्या, उलथणं, एकदा उकळत्या वरणाचा गंज, भरलेलं पातेलंच. ताईच्या पाठीवर अजून खांद्यापासून कमरेपर्यंत भाजल्याची कातडी आहे, मी तिला आंघोळीनंतर तेल लावते. तुम्ही त्यातली सात-आठ वर्षं बघून गेलात, एकूण बत्तीस झाली. भाऊजी अंथरुणात मेले तेव्हा ती मला म्हणाली, मले बाबापासून दुसरं काई नव्हतं पायजे, फक्त घरात राहू द्याले पायजे होतं. तुमच्यानं नेम धरवला, पण चार लोकांसमोर लेकीला घरात ठेवून घेववलं नाही. मला याचं कारण इतकं शिकूनही सांगता येत नाही.

माझा प्रबंध मात्र गाजला. निष्कर्ष असा होता की गोटमारीतल्या हिंसेत व्यक्तिगत आशय आढळत नाही. सरांनी माझी पाठ थोपटली, त्यावर मला नोकरी लागली, आणि आशय हाच धडा मी पुढची तीस वर्षं मुलांना शिकवला.

आता जे सांगायचं ते सांगते. त्या संध्याकाळी चुलीपुढं मी चाळीस फॉर्म वाचले नाहीत. इतर तीन-चार भरभर वाचले, ओळी गाळत. मग भाऊजींचा काढला आणि तो हळू वाचला. खडक कुठला ते वाचलं, लाल फडकं वाचलं, चारची वेळ वाचली. मान हलवत नाही, हे दोनदा वाचलं. तुमचा पाय गोट्यावर थांबला होता ते मी पाहिलं आणि कागद खाली ठेवला. तुम्ही काही विचारलं नाहीत, कारण विचारण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

काल दुपारी तुमचा फॉर्म पुन्हा काढला. वरचं तुमचं नाव खोडून माझं लिहिलं. अकराव्या प्रश्नापुढं हो लिहिलं. पॅडचा चिमटा गंजला आहे, पण अजून घट्ट धरतो. हे पत्रही त्यालाच अडकवणार आहे. तुम्हाला हे सांगणं सोपं आहे, तुमचं उत्तर येणार नाही. जिला सांगायला हवं ती आत्ता आत कांदा चिरते आहे, आणि मघाशी तिनं विचारलं की एवढं काय लिहून राहिली तू. मी म्हटलं, पेन्शनचा अर्ज.