रशीदला न्हाऊ घालायचं आहे

शिरूर, ११ नोव्हें. ६२
पुण्याच्या डॉक्टरांनी रशीदला घरी न्या म्हणून सांगितलं. पोटातली गाठ आता औषधापलीकडे. धाकटा भाऊ माझा. आधी मी जायचं, असं धरून चाललो होतो.
दुपारी हात धरून म्हणाला, "भाई, सुलेमानमामू गेला तवा न्हाऊ घालाया बाहेरचा मानूस आनला व्हता. पोतं उलथावं तसं मामूला उलथलं त्यानं. माझी शेवटची आंघूळ तू घाल."
घालीन म्हणालो. येतं कुठं मला? गावातला जाणता गेला, त्याच्यामागं कुणी शिकलं नाही. मी जन्मभर पोरांना कविता शिकवल्या.

दौंड, १९ नोव्हें.
इथं मशिदीच्या ओट्यावर मय्यतीची, म्हणजे गेलेल्या माणसाची, आंघोळ न् कफन शिकवतात. शिकवणारे हाफिजजी माझ्या मुलाच्या वयाचे. शिकणारे चौघे, त्यात पेन्शनर मी एकटा. पुन्हा शाळा, पण या बाजूनं. मांडी घालून बसलो की गुडघे कुरकुरतात.
आधी उजवी बाजू. बोरीच्या पाल्याचं पाणी, कोमट. बेंबी ते गुडघा कपडा ढळता कामा नये. शेवटच्या पाण्यात कापूर. पाठ झालं. पाठांतर तेवढं येतं.

२३ नोव्हें.
सरावासाठी आज मय्यत व्हायची पाळी माझी. फळीवर पडलो, डोळे मिटले. छातीवर ऊन ऊन पाणी... घोडनदीचा काठ, अम्मी आम्हा दोघांना एका दगडावर बसवून घासायची. डोळ्यात साबण गेला की रशीद चावायचा, मला! हसू फुटलं.
युसूफ, माझा सोबती, म्हणाला, "मास्तर, मुर्दा हसतुया! कफन माघारी द्या दुकानात."
उठलो तेव्हा रडत होतो. अंग ओलंच, कुणाला कळलं नाही.

२ डिसें.
पहिली खरी मय्यत. रेल्वेतले एक म्हातारे. त्यांचा उजवा हात मला धुवायला दिला. गारठा असा की बोटं चालेनात. मग नकळत तोंडात तिसरीच्या पुस्तकातल्या पाखरांच्या कवितेची चाल आली. बुजरं पोर फळ्याशी आलं की मी गुणगुणायचो, तीच. हात सुटले. पाणी चालीवर पडू लागलं. आणि मी म्हणालो, "शाब्बास, आता वळ बरं कुशीवर."
सगळे थिजले. म्हाताऱ्यांचा मुलगा तिथंच उभा.
हाफिजजी हळूच, "मास्तर, ही मय्यत हाय, वर्ग न्हाई. बाहेर व्हा."
बाहेर झालो.

६ डिसें.
दुसरी मय्यत. दात आवळून उभा राहिलो. तांब्या सुटला, कपडा सरकला. या बोटांनी हजार पोरांची अक्षरं वळवली!
हाफिजजींनी नंतर चहा पाजला. "गानं सोडा, हात येतील. घाई करू नगा."
घाई नको! चाल सोडली की हात मरतात. धरली की बेअदबी. आणि तिकडं रशीद...

शिरूर, ११ डिसें.
रशीद निम्मा झाला आहे. सगळं सांगितलं त्याला. पोट धरून हसला, मग कळ आली.
"मग गा की. माझी काय हरकत न्हाई."
"तुझी नसेल रे. पाणी द्यायला चार माणसं असतील, ती घालवतील मला बाहेर. मग तू परक्याच्याच हाती."
माझा हात बाजूला सारला त्यानं. "तर मुकाट्यानं घालायचं शिकून ये. जा. तवर थांबतो मी."
थांबतो म्हणाला. जणू त्याच्या हातात आहे.

१२ डिसें.
एस.टी. स्टँड. पहाटे त्याच्या पायांवर सूज दिसली. त्याच्या बायकोनं माझ्याकडं न बघता भाकरी बांधून दिली. जा म्हणून, की जाऊ नका म्हणून?
राहिलो तर त्याच्याजवळ, पण हे असे हात घेऊन. गेलो तर हात येतील कदाचित, आणि तो तोवर...
दौंडची गाडी लागली. कंडक्टर दार धरून उभा. "आबा, चढताय का? का कुनाला सोडाया आलाय?"