दसऱ्याला न घेतलेली गाडी

जूचंद्र,
आश्विन वद्य नवमी

ती. रंभाआत्या हिला सुधाकरचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (फोन तू चार वेळा कापलास. पत्रातला नमस्कार मध्येच कापता येत नाही, म्हणून पत्र.)

तुझी तब्येत कशी आहे? बीपीची गोळी चहाच्या आधी घेतेस की अजूनही दुपारी जेवताना आठवते? परवाच्या वाऱ्यात वाडीतल्या किती केळी आडव्या झाल्या? अल्पेशची कंबर आता काय म्हणते? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर या घरात आठवडाभर कोणी कोणाशी धड बोललेलं नाही, आणि त्याला कारण एक गाडी आहे, जी आमच्याकडे नाही.

आत्या, हे नीट वाच, हवं तर दोनदा वाच. आम्ही गाडी घेतलेली नाही. अल्पेशकडून तुझा निरोप मिळाला, की चाळीस लाखांची गाडी दारात उभी राहिली, आता आगाशीच्या मातीत चाकं मळतील म्हणून भावाला बहिणीकडे यायला नको वाटत असेल, आणि यंदाही मी चंद्रालाच ओवाळीन. हा निरोप अल्पेशने स्पीकर चालू असताना दिला आणि आबा शेजारीच बसले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धीच भाकरी खाल्ली. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने असं करू नये हे त्यांना सांगायची हिंमत या घरात फक्त तुझ्यात होती, आणि तू तर फोन घेत नाहीस.

सुरुवात कशी झाली ते तुला ठाऊक आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबांचा उजवा पाय वाकत नाही. रिक्षात बसवलं तर पाय बाहेर राहतो, आणि आमच्या जुन्या छोट्या गाडीत त्यांना घडी घालून भरावं लागतं. म्हणून गेल्या भाऊबीजेला ते येऊ शकले नाहीत आणि तू भाऊ नसलेल्या बायांसारखं चंद्राला ओवाळलंस. ते कळल्यावर मी सगळ्यांसमोर बोलून बसलो की पुढच्या भाऊबीजेला आबा मोठ्या गाडीतून, पाय लांब करून, आगाशीला जातील. सुनंदा तेव्हाच म्हणाली होती की एक दिवसासाठी भाड्याची मोठी गाडी आणा आणि विषय संपवा. पण शब्द गेला होता. शिवाय (तुझ्यापासून काय लपवू) खाडीकडच्या शेताचे पैसे आल्यापासून मलाही आतून वाटत होतं की आपणही एकदा उंचावर बसून हायवे बघावा. त्या शेताच्या हक्कसोडीवर तू सही केलीस तेव्हा एक पैसा मागितला नाहीस. मला काही नको, वर्षातून एकदा भाऊ दारात आला पाहिजे, एवढंच म्हणालीस. ते मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर अकरा महिने ही डोकेदुखी केली नसती.

आता डोकेदुखी ऐक. मी तीस वर्षं सरकारी कचेरीच्या भांडारात काढली. तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय मी तिथे टाचण्यांचा डबासुद्धा घेतला नाही, तर गाडी कशी घेईन? मी मोठ्या कार्डशीटवर तक्ता केला, तीन गाड्या, एक्केचाळीस रकाने, आणि जिथे कालनिर्णय लावतो तिथे लावला. (कालनिर्णय फ्रिजच्या मागे गेलं, त्यामुळे या वर्षी आमच्या दोन संकष्ट्या हुकल्या. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.) घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची, जास्त गुणांची गाडी घ्यायची. इतकी सरळ पद्धत. पण प्रितेशने, म्हणजे तुझ्या इंजिनिअर नातवाने, गाडी आपोआप ब्रेक मारते या सोयीला दहापैकी चाळीस गुण दिले. दिपिकाने, माझ्या सुनेने, छताच्या काचेला दहा दिले आणि बाकी चाळीस रकाने कोरे ठेवले. छताला काच कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, बाबा, मुलांना आकाश दिसतं. आपल्या अंगणातून आकाश फुकट दिसतं, आणि ही काच घेतली तर गाडी दोन लाखांनी वाढते. हे मी शांतपणे सांगितलं, तरी ती दोन दिवस माझ्याशी खुणांनी बोलत होती.

सुनंदाचं तर वेगळंच. शोरूममध्ये रॉकी नावाचा सेल्समन आहे, पापडीचा, चांगला मुलगा, टाय लावतो. तो तिला सीटमधून थंड हवा येते, दिव्यांचे चौसष्ट रंग बदलतात, बंपरखाली पाय हलवला की डिकी उघडते असं अर्धा तास सांगत होता. हिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की माहेराहून सुके बोंबील आणले तर या चामड्याच्या सीटचा वास किती दिवसांनी जातो. शोरूममधले दोन लोक हसले. रॉकी हसला नाही, तोही वसईकर आहे. त्याने इकडेतिकडे पाहून हळूच सांगितलं, काकी, नाही जात. या एका उत्तराने त्या मुलावर माझा विश्वास बसला आणि पुढचा सगळा घोटाळा त्या विश्वासामुळे झाला.

आणि आबा. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना आम्ही शोरूमला नेलं ते थेट सहाव्या महिन्यात, कारण तोपर्यंत तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. (हे सुनंदाच्या लक्षात आलं. मी रागावलो, पण मुद्दा बरोबर होता.) आबांनी खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या, एक पायरी चढताना त्यांचा डावा पाय जेवढा वर येतो तेवढ्यावर, दुसरी उजव्या पायाच्या लांबीची. शेताचे बांध ज्या हिशेबाने मोजायचे त्याच हिशेबाने त्यांनी चकचकीत फरशीवर बसकण मारून तिन्ही गाड्या मोजल्या. पहिल्या दोन गाड्यांच्या सीट पहिल्या गाठीच्या वीतभर वर. काळ्या गाडीकडे तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "या म्हशीवर मना चढवील कोन?" रॉकीने बाजूला पायरी लावून मिळते असं सांगितलं, पंचवीस हजार वेगळे. मग पुढची सीट पूर्ण मागे नेली तेव्हा कुठे पाय सरळ राहिला, पण मग त्यांच्या मागे कोणाला बसता येईना, आणि तिसऱ्या रांगेत जायची वाटही बंद झाली. म्हणजे सात माणसांची गाडी, आबा बसले की चार माणसांची. आम्ही आबांना धरून आठ. मी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला आणि शेरा लिहिला, फेरविचार आवश्यक.

असा फेरविचार करता करता दसरा आला. रॉकी म्हणाला, काका, आजोबांना सारखं इथे आणू नका, मी गाडीच घरी आणतो, तुमच्या रस्त्यावर चालवून बघा. फुकट चालवून बघायची गाडी, तीही दसऱ्याला. त्याने सकाळी दहाला ती काळी गाडी आणली आणि गल्लीत शिरेना म्हणून देवळासमोर लावली. मी आबांना तयार करायला आत गेलो. आबांना पायजमा घालायला वीस मिनिटं लागतात. आम्ही बाहेर येईपर्यंत गाडीला झेंडूचा हार पडला होता, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं होतं, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, बंपरपुढे नारळ फुटला होता, आणि शेजारची लतिका चाकाजवळ बसून रांगोळीचा मोर पुरा करत होती. (आपल्या गावच्या हाताला रांगोळीचा डबा लागला की तो मोर पुरा होईपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकत नाही, तुला सांगायला नको.) रॉकी कपाळाला गंध लावून, हातात पेढा घेऊन उभा. तो बिचारा सांगत होता की ही शोरूमची गाडी आहे, विकलेली नाही. बायका म्हणाल्या, ते नंतर, आधी गाडीची पूजा होऊ दे, सणाच्या दिवशी वाहन कोरं ठेवत नाहीत. त्यावर त्याने हातातला पेढा तोंडात टाकला.

त्या वेळी मी दोन शब्द बोलायला हवे होते. नाही बोललो. पन्नास माणसं अभिनंदन करत होती, आत्या, आणि माझ्या तोंडून धन्यवाद निघत गेलं. एकदा निघालं की मग परत घेता येत नाही. दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर चौतीस फोटो. संध्याकाळी नाक्यावर बॅनर, त्यात माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली लिहिलेलं, सुधाकरशेठ यांस नवीन वाहन खरेदीबद्दल हार्दिक शुभेच्छा. तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी शेठ म्हटलं नव्हतं. तोच बॅनर कोणीतरी तुझ्या आगाशीच्या बाजारात फोनवर फिरवला आणि तुझा निरोप आला. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, गाडी दिसत नाही. मी सांगतो, पहिल्या सर्व्हिसिंगला गेली. काल एकाने विचारलं की न चालवलेल्या गाडीला दहा दिवस सर्व्हिसिंग कशी लागते. मी आता मागच्या वाटेने, चिखलातून, भाजी आणायला जातो.

तर अशी हकीकत आहे. गाडी नाही, मिजास नाही, यायची इच्छा नाही असं तर मुळीच नाही. माझी चूक एवढीच की मी सगळ्यात चांगली गाडी शोधत बसलो. राग धरायचा तर माझ्यावर धर, आबांवर धरू नकोस. त्यांना तुझ्याशिवाय दुसरं भावंड उरलेलं नाही, आणि ते रोज सकाळी विचारतात की भाऊबीजेला किती दिवस राहिले. फोन घे. अल्पेशला व घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझा भाचा,
सुधाकर

ता. क. पत्र लिहून झालं, पाकीट शोधायला आत गेलो तर आबांची खाट रिकामी. काठी नाही, कापडी पिशवी नाही. अर्धा तास सगळं गाव पालथं घातलं (मागच्या वाटेनेसुद्धा) आणि तेवढ्यात अल्पेशचा फोन. मामा आलाय, आईशेजारी बसून चहा पितोय, दोघं रडतायत, तुम्ही काळजी करू नका. दोन बस बदलून आले म्हणे. पुढे ड्रायव्हरच्या मागे जी आडवी सीट असते तिच्यावर बसून पाय मधल्या वाटेत लांब केला, आणि कंडक्टरने चढणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगितलं की आजोबांचा पाय बघून. अल्पेशने विचारलं, त्रास नाही झाला का, तर म्हणाले, "कसला तरास? बसाला जागा होती." आत्या, ते ऐकून मी ओट्यावर बसलो आणि मला हसू आलं नाही, लाज वाटली. त्यांच्या गोळ्या, दुसरा पायजमा आणि हे पत्र प्रितेशबरोबर पाठवतोय. भाऊबीज करूनच येईन असं ते म्हणाले आहेत, तर आठ दिवस ठेवून घे.

ता. क. २. आता खरं काम. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त मी परवा कोणाला न सांगता रॉकीकडे जाऊन काळ्या गाडीचं बुकिंग केलं. छताची काच धरून. बॅनरमुळे दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि बाजूच्या पायरीचेही पैसे भरले, म्हणजे आबांचा विचार केलेला आहे हे लक्षात घे. आता आबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की बस बरी होती, तर मी घरात तोंड कसं उघडू? ते फक्त तुझं ऐकतात. गुडघ्याला तेल लावताना गोडीत विषय काढ आणि बसमध्ये हाल झाले, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून वदवून घे. प्रितेश तिथे असतानाच घे, म्हणजे साक्षीदार राहील.

ता. क. ३. आत्याबाई, पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मी वाचलं. आबांच्या तोंडून काही वदवून घेऊ नका. बुकिंगची पावती मला कालच यांच्या धुवायच्या शर्टात सापडली होती; ते मी आज सकाळीच फोन करून रद्द केलं, रॉकीने हसत हसत केलं. भाऊबीजेला आम्ही सगळे बसनेच येतोय, हेही. बोंबील आणते. — सुनंदा