माझ्यापुरता वेगळा दर

४ जानेवारी २०००, सकाळी
नवीन साल, नवीन डायरी (खताच्या दुकानातून, फुकट). संकल्प : यंदा कुणावर विनाकारण संशय घ्यायचा न्हाई. कारण असलं तरच घ्यायचा.

त्याच दिवशी, दुपारी
जिनिंगचं लाइट बिल आलं. कारण मिळालं.

६ जानेवारी
सर्जेरावकडं जेवायला. सर्जेराव माझा साडू. उषाची धाकटी बहीण गिरिजा त्याला दिलेली. अंबडच्या रोडला माझी कापसाची जिनिंग अन् त्याचा बर्फाचा कारखाना, मधी एकच भिंत. लाइन एक, गाव एक, सासरा एक. जेवता जेवता सहज विचारलं, तुला युनिट केवढ्याला पडतं? त्यानं लगेच सांगितलं. माझ्यापेक्षा बरंच कमी!
इतकं सरळ कुणी सांगतं का? माणसानं जरा तरी चाचरावं. बिलकुल चाचरला न्हाई. म्हणजे तयारीत होता.

८ जानेवारी
वीज मंडळाच्या ऑफिसात गेल्तो. नवीन इंजिनिअर बाई आल्यात, बेबीनंदा मॅडम. कुंभार पिंपळगावच्या, वडील मास्तर. मला काका म्हणाल्या. ग्राहकाला काका म्हणण्यामागं काहीतरी असतंच.
म्हणाल्या, काका, दर तुम्हा दोघांना एकच आहे. बिलाचे दोन भाग असतात. एक, जेवढे युनिट जाळले त्याचे. दुसरा, डिमांडचा. महिन्यातल्या ज्या अर्ध्या तासात तुम्ही सगळ्यात जास्त वीज खेचता, त्यावर तो आकार लागतो. का, तर तेवढी वीज आम्हाला तुमच्यासाठी तयार ठेवावी लागते. घरी एकदाच पन्नास पाहुणे आले तरी ताटं पन्नास लागतात ना, तसं. सर्जेरावांचा बर्फ दिवसरात्र सारखा चालतो, त्यांची ताटं रोज वापरात. तुम्ही सकाळी सगळ्या मशिनी एकदम चालू करता अन् दुपारनंतर बंद. ताटं मांडणीवर पडून राहतात, भाडं मात्र पडतं. एकेक मशीन चालू करत जा. अन् कपॅसिटर बसवा, मोटारी फुकटची जास्त वीज खेचतात ती त्यानं वाचते.
मी विचारलं, तो अर्धा तास कोण निवडतं? म्हणाल्या, मीटर. मी नुसता हसलो. मीटर कोण निवडतं, ते काही सांगितलं न्हाई.

११ जानेवारी
भिंतीला शिडी लावून पाहिलं. सर्जेरावच्या मीटरखोलीबाहेर पत्र्याचा राखाडी डबा आहे. गुंईऽऽ आवाज करतो. प्रामाणिक डबा कशाला आवाज करील?
शिडीवर असताना गिरिजाबाईनं पाहिलं. दाजी, पडाल, म्हणाली. धमकी होती का काळजी, सांगता येत न्हाई.

१५ जानेवारी
आज प्रयोग. मीटर खोटं बोलतं का, ते काढायचंच. वसंताला सांगितलं (वसंता आपला मुकादम), सगळे जीन, गाठी दाबायचा प्रेस, पंखे, लाइट, ऑफिसातला कूलरसुद्धा एकदम चालू कर. मालक, थंडीत कूलर? म्हणाला. चालू कर म्हटलं. खोटं मीटर असलं तर एवढ्या लोडनं गोंधळून जाईल. मी समोर स्टूल टाकून बसलो.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालवलं. मीटर बिलकुल गोंधळलं न्हाई. कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार.
कूलरमुळं सर्दी.

३ फेब्रुवारी
प्रयोग यशस्वी! बिल भलतंच वाढून आलं. एका सकाळच्या प्रयोगानं महिन्याचं बिल एवढं वाढावं, हाच पुरावा.
उषा म्हणाली, मॅडमनं हेच तर सांगितल्तं. उषापर्यंत पण पोचलेत.

५ फेब्रुवारी
आजपासून वीज-बहिष्कार. मेन स्विच मी स्वतः पाडला. शहागडहून डिझेल जनरेटर भाड्यानं आणला. उषा म्हणाली, डिझेल विजेपेक्षा महाग पडतंय की. तिला म्हटलं, तत्त्वाला भाव नसतो.

९ फेब्रुवारी
तत्त्व प्रेस ओढत न्हाई. दोन जीन चालतात, तिसरा लावला की जनरेटर खोकतो अन् बसतो. कापसाच्या गाड्या गेटपासून परत चालल्यात. केशरबाई आमच्याकडं सरकी वेचायला येते, सोबत तिच्या बाया. येऊन उभी राहिली. म्हणाली, मालक, तुमचं तत्त्व चालू द्या, पण आमचा रोज कुणी द्यायचा?
तिला हे शब्द कुणी शिकवले असतील?

१२ फेब्रुवारी
केशरबाई अन् बाया दुसऱ्या जिनिंगवर गेल्या. फोडल्या.
वसंता थांबलाय. का थांबलाय, लक्ष ठेवायला पाहिजे.

१८ फेब्रुवारी
पेपरात आलंय. आता मंडळ एकट्यानं दर ठरवणार न्हाई. आयोग बसलाय, तो ठरवणार. मंडळानं आपला वर्षाचा खर्चा मांडायचा, कोणत्या ग्राहकाकडून किती घ्यायचं ते सुचवायचं, अन् लोकांनी हरकती घ्यायच्या. औरंगाबादला जाहीर सुनावणी.
हीच संधी. बहिष्कार तूर्त स्थगित (जनरेटर पण परत मागून राह्यलेत). समिती स्थापन केली : मराठवाडा उद्योजक वीजदर दक्षता समिती. अध्यक्ष मी. सभासद वसंता. त्याला अजून सांगितलं न्हाई.

२१ फेब्रुवारी
अभ्यास. मॅडमकडं गेलो, गोड बोलून माहिती काढली. म्हणाल्या, शेतीचा पंप अन् घराची लाइट यांना खर्चापेक्षा कमी दर लावतात. ती तूट कारखान्यांच्या दरातून भरतात. म्हणून कारखान्याचा दर चढा. आयोगापुढं खरा वाद तोच आहे, काका, त्यावर बोला.
सापडलं! दुसऱ्यांचे पंप मी चालवून राह्यलो. भाषणात घालणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उषाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शहागडच्या वावरात आपले पण दोन पंप हैत. मंग पंपाचा दर वाढवा म्हणणार का? म्हटलं, छे, पंपाचा कसा वाढवता येईल, शेतकरी मरेल. म्हणाली, मंग जिनिंगचा कमी कसा होईल? म्हटलं, तो वेगळा विषय आहे. ती कणिक मळायला गेली.
मुद्दा भाषणातून काढला. गुंतागुंतीचा आहे. आयोगाला समजायचा न्हाई.

२६ फेब्रुवारी
सर्जेरावच्या डब्याचा आवाज वाढलाय. वीजचोरीच्या भरारी पथकाला तक्रार केली. माझं नाव घातलं न्हाई, नात्याचा मामला आहे. तक्रारीचं पुढं काय झालं ते कळावं म्हणून खाली फक्त माझा पत्ता दिला.

४ मार्च
पथक आलं. जीपनं. सरळ सर्जेरावच्या गेटात. मी भिंतीआड उभा. त्यांनी डबा उघडला, मीटर तपासलं, सीलं पाहिली. मंग त्यांच्यातला एक मोठ्यानं म्हणाला, सगळं बराबर आहे साहेब, हा कपॅसिटर आहे. तक्रार करणारे बाजूचे जिनिंगवालेच ना?
सर्जेरावनं मान वळवली. भिंतीकडं पाहिलं फक्त. मी खाली वाकलो. वाकायचं काही कारण नव्हतं, चप्पल नीट केली.
मंग पथक माझ्याकडं आलं. आलोच आहोत तर तुमचं पण बघू. सगळं पाहिलं. म्हणाले, चोरी न्हाई, मीटर पण ठीक आहे. मशिनी एकेक चालू करा अन् कपॅसिटर बसवा.
मॅडमचेच शब्द! सगळे एकमेकांशी बोललेले आहेत.

४ मार्च, पुढं
उषाला कळलं. ओरडली न्हाई, तेच वाईट. म्हणाली, माझ्या आईचं दुखणं सर्जेरावांनी काढलं. तुम्ही नातलगाच्या दारात जीप आणली. पिशवी भरली अन् गेली. माहेरी गेली असती तर समजलं असतं. भिंतीपलीकडं गेली, गिरिजाकडं.

७ मार्च
स्वयंपाक स्वतः. डाळीत मीठ दोनदा पडलं. पलीकडून दोघी बहिणींचा आवाज येतो. आज हसण्याचा आला. विषय मीच असणार.

११ मार्च
हसण्याचा आवाज येत न्हाई. हे जास्त संशयास्पद आहे.

१५ मार्च
भाषण तयार. शेवटचं वाक्य : "महोदय, दर विजेचा न्हाई, माणूस पाहून लावला जातो!" इथं टाळ्यांसाठी थांबायचं. वसंतापुढं म्हणून पाहिलं. टाळ्या वाजवल्या. पगारी टाळ्या, पण जोरात होत्या.

१७ मार्च, औरंगाबादहून आल्यावर
एसटीत सर्जेराव माझ्या पुढच्या सीटवर. पुढं बसून पाठलाग करून राह्यला.
हॉल भरलेला. मोठमोठे कारखानदार, त्यांचे वकील, ग्राहक संघटना, शेतकरी. माझं नाव पुकारलं. जोरात बोललो. सांगितलं की एकाच लाइनीवर दोन कारखाने, दोघांना दोन दर, हे कारस्थान आहे. शेवटचं वाक्य म्हटलं. थांबलो.
टाळ्या आल्या न्हाईत. आयोगाचे एक सदस्य, पांढऱ्या केसांचे, शांत. त्यांनी विचारलं, अप्पाराव, तुमची करारातली डिमांड किती?
मी म्हटलं, साहेब, डिमांड मंडळाची आहे, माझी न्हाई. मी कधी काही मागितलं न्हाई.
सगळा हॉल हसला. ते हसले न्हाईत. म्हणाले, बरं, मंग तुमचं मागणं काय? दरात काय बदल करावा?
अन् माझ्याजवळ मागणं नव्हतं. कोण दोषी ते सगळं लिहून आणल्तं. काय पाहिजे ते लिहायचं राहून गेल्तं. माईक तसाच धरून उभा राह्यलो. शिपायानं हळूच काढून घेतला.
त्यानंतर सर्जेरावचं नाव आलं. मला वाटलं, आता हा मला धुणार. तो उठला अन् म्हणाला, साहेब, आत्ता बोलले ते माझे साडू. त्यांना मांडता आलं न्हाई, पण त्यांची अडचण खरी आहे. जिनिंग हंगामी धंदा. कापूस आहे तोवर चालते, मंग कुलूप. कुलूप असतानाही डिमांडचा आकार पडतो. बारमाही कारखाना अन् चार महिन्यांचा कारखाना एकाच काट्यावर मोजू नका. बर्फाचा धंदा माझा आहे, यात माझा फायदा न्हाई.
पांढऱ्या केसांचे सदस्य लिहून घेऊ लागले.
यात त्याचा फायदा काय? सबंध परतीच्या वाटेवर शोधलं. सापडला न्हाई.
(स्टँडवर त्यानं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या होत्या. मला हात केला. मी पुढच्या गाडीनं आलो. पुढची गाडी जालन्यालाच बंद पडली.)

२ एप्रिल
हंगाम संपला. कुलूप लावलं. वसंता म्हणाला, मालक, पुढच्या साली केशरबाई अन् बायांना परत बोलवायचं का? म्हटलं, येतील का? म्हणाला, तुम्ही बोलवलं तर. मी बोलवून न्हाई.

८ मे
आयोगाचा निकाल पेपरात. सगळा वाचला, चष्मा बदलून दुसऱ्यांदा वाचला. घरगुती, शेती, कारखाने, सगळ्यांचे रकाने. कारखान्यांचा दर राज्यभर सारखा. कुठंही माझ्यापुरतं काही न्हाई.
निकालपत्राची प्रत बघायला मंडळात गेलो. मॅडमनी काढून दिली. त्यात एक ओळ सापडली : हंगामी कारखान्यांबाबत अंबडहून आलेला मुद्दा नोंदवला आहे, पुढच्या वेळी विचार व्हावा. अंबडहून. म्हणजे सर्जेरावचा.
मॅडमना म्हटलं, खरं सांगा. हे दर ठरवताना तिथं कुणी माझं नाव काढलं असंल का? वाईट अर्थानं का होईना?
त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, काका, मंडळाचे लाखो ग्राहक आहेत. खर्चा मांडतात अन् वर्गवार वाटतात. तुमच्या विरोधात कुणीसुद्धा नव्हतं, काका.
त्यांना वाटलं मला बरं वाटंल.
ऑफिसच्या पायरीवर बराच वेळ बसलो. एवढे दिवस मी एवढ्या लोकांशी लढून राह्यलो, अन् पलीकडं कुणीच नव्हतं. फक्त सर्जेराव होता, तो माझ्या बाजूनं.

९ मे, संध्याकाळी
भिंतीपलीकडं गेलो. गेटातून, शिडीनं न्हाई. उषा ओट्यावर गहू निवडत होती. वर पाहिलं, परत गव्हात पाहिलं. सर्जेराव बाहेर आला. तोंडात भाषण तयार होतं, पण आलं एवढंच, की तो कपॅसिटर केवढ्याला मिळतो?
म्हणाला, या दाजी, बसा. उद्या जालन्याला जाऊ, दाखवतो.
मी उषाला म्हटलं, घरी डाळ नीट होत न्हाई. ती म्हणाली, हे एवढे गहू होऊ द्या.
गिरिजाबाईनं चहा आणला. साखर कमी होती. मुद्दाम असावी.
तरी पिऊन टाकला.