आकड्यांच्या फाइली

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. बाबा घरी आहेत. पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात गेला, बोलणं एकेका शब्दावर आलं. पण व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंवर डोळे वटारतात, म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

कचेरीत त्यांनी ज्यावर तीस वर्षं टायपिंग केलं तो प्रोग्राम तुला माहीत आहे. दुसऱ्या कशाला बोट लावायला ते तयार नव्हते, आणि नव्या संगणकावर तो चालेना. म्हणून मी व्हर्च्युअल मशीन करून दिलं होतं, संगणकाच्या पोटात एक जुना संगणक. आई गेली त्या आठवड्यात त्याचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे तो होता तसा गोठवून ठेवला, काही बिघडलं तर तिथवर मागे येता यावं म्हणून. मग विसरून गेलो.

तू भांडून गेलीस त्यानंतर बाबा रोज सकाळी दार लोटून त्यावर लिहीत बसायचे. चहा गार होऊन जायचा. एकदा मी कप उचलायला गेलो तेव्हा पहिली ओळ दिसली, ‘तुझ्या आईने मला शपथ घातली होती, तुझी परीक्षा होईपर्यंत तुला आजाराचं कळवायचं नाही.’ पुढचं त्यांनी हाताने झाकलं. तीन वर्षांत चाळीस पानं झाली. शेवटी म्हणाले, "झालं एकदाचं. तिला पाठव." मी म्हटलं, रविवारी पाठवतो. असे तीन रविवार गेले आणि चौथ्या आठवड्यात त्यांना झटका आला.

दवाखान्याच्या धावपळीतच, ते मशीन ज्यावर होतं तो माझा ड्राइव्ह भरला. मशीन नव्या ड्राइव्हवर हलवायला घेतलं. फोल्डरमध्ये एक भलीमोठी फाइल आणि नावापुढे आकडे असलेल्या सहा लहान. मोठी तेवढी नेली. आकड्यांच्या फाइली मला जुन्या प्रती वाटल्या. मशीन एकदा सुरू करून बघायचं, तेही केलं नाही. जुना ड्राइव्ह पुसून ऑफिसच्या कामाला लावला. होतं नेमकं उलटं. मोठ्या फाइलीत स्नॅपशॉट घेतला तोवरचंच होतं. त्यानंतरचा शब्दन् शब्द त्या लहान फाइलींत होता. दुरुस्तीवाल्याने तो ड्राइव्ह चार दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, "यावर दुसरं लिहिलं गेलंय हो. आता काही निघायचं नाही."

ताई, घरी आल्यावर बाबांनी पहिलं विचारलं ते, "पाठवलंस?" मी हो म्हणालो. त्याला आठ महिने झाले. फोन वाजला की ते माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना वाटतंय, तू सगळं वाचलंस आणि तरीही त्यांना माफ केलं नाहीस. उद्या सकाळी मी त्यांना खरं सांगणार आहे. माझ्यावर हवी तेवढी चिड. पण ती चाळीस पानं फक्त त्यांना ठाऊक आहेत, आणि दिवसाकाठी ते दहा-बारा शब्द बोलतात. ते ऐकायला ये.

तुझाच,
धाकटा