नेबो क्रीक शाळेच्या खिडक्या मूळच्याच होत्या

मी, लतिका अरुण सबनीस, वय चौऱ्याहत्तर, राहणार वेदरली काउंटी, जॉर्जिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा आजार आता हटणार नाही, हेही त्याच दाखल्यात आहे. पूर्वीची मृत्युपत्रे मी रद्द करते. वकिलांनी इंग्रजी प्रत केली आहे, कोर्टात तीच चालेल. मूळ मजकूर मराठीत लिहिला, कारण इंग्रजीत लिहू लागले की मी आपोआप अहवाल लिहू लागते.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती मुलगी इला हिला द्यावे. इला अल्फारेटाला असते. घर १८९४ सालचे, जुन्या पाइनच्या लाकडाचे, तिन्ही बाजूंनी व्हरांडा असलेले आहे. मागे तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, कोण राहणार तिथे? जस्ट सेल इट." विकावे, माझी हरकत नाही. घेणारा ते पाडणार असेल, तर त्या दिवशी मात्र तिने इथे येऊ नये.

२. माझे पती कैलासवासी डॉ. अरुण यांचा स्टेथोस्कोपही इलाला. १९७९ साली या काउंटीला डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून आम्ही आलो. अरुण इस्पितळात जाई. माझी मुंबईची आर्किटेक्टची पदवी इथे चालत नव्हती, म्हणून मी टेप घेऊन लोकांची जुनी घरे मोजू लागले. लोक आधी बिचकले. मग डॉक्टरांची बायको म्हणून आत बोलवू लागले. घरे, चर्च, कापसाच्या गिरण्या, एक तुरुंग, अशा दोनशे बारा इमारतींचे मी नकाशे काढले. त्यांतल्या एकतीस आज उभ्या आहेत.

३. पोलादी टेप, ओळंबा आणि ड्रॉइंग बोर्ड यामिनी गोखले हिला द्यावेत. ती पुण्याची, अटलांटात आर्किटेक्चर शिकते. पहिल्यांदा आली तेव्हा चौकातून तिने फोन केला, "काकू, कोर्टहाउस कुठंय? मॅप तर इथेच दाखवतोय, पण इथे पार्किंग लॉट आहे." मी म्हटले, "बरोबर जागी उभी आहेस."

४. काउंटीचे माजी अध्यक्ष डेल हॅगुड यांना मी काही ठेवत नाही. त्यांनी माझ्या अंत्यविधीला येऊ नये. फुले पाठवल्यास परत करावीत. कारण पुढच्या कलमात आहे. मात्र त्या कारणात माझा वाटा त्यांच्याहून मोठा आहे, हे मी मान्य करते.

५. हे कलम इलाने सावकाश वाचावे. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, लागू दे.

नेबो क्रीकची शाळा १९२६ साली तिथल्या काळ्या शेतकऱ्यांनी स्वतः लाकूड कापून बांधली, कारण त्यांच्या मुलांना काउंटी शाळा देत नव्हती. दोन खोल्या, मध्ये सरकती भिंत आणि पूर्वेला ओळीने सहा उंच खिडक्या. १९९४ साली मी ती इंचाइंचाने मोजली होती.

२००९ साली हॅगुडना ती जागा गोदामासाठी हवी होती. ऐतिहासिक इमारतींच्या समितीत मी होते, आणि माझ्या अहवालावाचून शाळा पाडता येत नव्हती. ते घरी आले. म्हणाले, "कोर्टहाउसचं छप्पर गळतंय. तुम्ही शाळेचं सोपं करा, मी छपराचं बघतो." कोर्टहाउस १८८७ सालचे, विटांचे, मनोऱ्याचे. माझा सगळा जीव त्यात होता. मी लिहिले, 'खिडक्या बदललेल्या, लाकूड कुजलेले, ऐतिहासिक मूल्य उरलेले नाही.' लिहिण्यापूर्वी मी शाळेत गेलेसुद्धा नाही. खिडक्यांवर बाहेरून फक्त प्लायवुड ठोकले होते. आत मूळच्या चौकटी होत्या, हे मला पंधरा वर्षे ठाऊक होते.

शाळा एका सकाळीत गेली. अरुणने विचारले, "खरंच काही करता येत नव्हतं?" मी म्हटले, "नाही." त्याने विश्वास ठेवला आणि तो तसाच गेला. हॅगुड वर्षभरात निवृत्त झाले, छपराचे नाव कोणी काढले नाही. २०१६ साली कोर्टहाउसची उत्तरेकडची भिंत कोसळली आणि उरलेले काउंटीने पाडले. एक वाचवायला दुसरे दिले, आणि दोन्ही गेली.

६. त्या शाळेत शिकलेल्यांपैकी इथे आता मिस ओडेसा प्रुइट एवढ्याच आहेत, वय त्र्याण्णव. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन मी हे सगळे सांगितले.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा रिपोर्ट लायब्ररीत ठेवला होता, मी वाचला. वाचायला मी त्याच शाळेत शिकले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी येता ते बघत होते."

घरामागची दोन एकर जागा आणि शाळेचे नकाशे मी त्यांच्या नावे करणार होते. शाळा पुन्हा उभी करता येईल, असेही म्हटले. त्या म्हणाल्या, "कोण बांधणार? आणि शिकायला कोणाची मुलं येणार? मला तुमचं काही नको." ती जागा आता घरासोबत इलाला द्यावी.

म्हणून शाळेचे आठ नकाशे या मृत्युपत्राला जोडत आहे. मृत्युपत्र कोर्टाच्या दप्तरात कायम राहते, त्यामुळे माझ्या खोट्या अहवालाशेजारी या काउंटीत निदान हा कागद राहील. कोणी उघडून पाहील असे मला वाटत नाही. बाकीच्या नकाशांसाठी तीन संस्थांना लिहिले, तिघांनीही जागा नाही म्हणून कळवले. इलाने ते वर्षभर ठेवावेत, नंतर तिला सोयीचे पडेल ते करावे.

७. माझे दहन करावे. काउंटीचा वारसा जपणारी असे माझ्याबद्दल कुठेही छापू नये.

त्या भेटीच्या दिवशी निघताना मिस ओडेसांनी मला दारात थांबवले होते. "ज्याला काही मिळत नाही, तो साक्षीदार होऊ शकतो ना?" मी होकार दिला. त्या म्हणाल्या, "मग यावर माझी सही घ्या. शाळा पाडली त्या कागदावर आमच्यापैकी कोणाला सही विचारली नव्हती."

इंग्रजी प्रत दोन्ही साक्षीदारांना मी स्वतः वाचून दाखवली. त्यांच्यादेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी.

ठिकाण : वेदरली काउंटी, जॉर्जिया
दिनांक : १७ ऑक्टोबर २०२४

लतिका अरुण सबनीस (सही)

साक्षीदार :
१. लेरॉय टकर, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. ओडेसा प्रुइट, विद्यार्थिनी, नेबो क्रीक शाळा, १९३७ ते १९४५ (सही)