दोऱ्याने मोजलेलं अंतर

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

पोरगी लंडनला पोचली. काल दुसरं काही सुचलंच नाही. शाळेतून आणलेल्या पृथ्वीगोलावर दोरा धरून मुंबई-लंडन मोजलं, मग फोनवर तिचं विमान बघत बसलो. आज दर्यापूरला आईला फोन करून ऐटीत सांगितलं, "नात पोचली, दहा तासांत!"

"बरं झालं. अन् तू पोचला काय? परवा इथून गेला, तवापासून मी घर झाडलं नाही."

गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत ती झाडू हातात घेत नाही. मला काय हे माहीत नव्हतं?

दर्यापूर-अकोला, दीड तास. आत्ता तोच दोरा धरून पाहिला. गोलावर दोन्ही बोटं एकमेकांवरच आली. आणि पोचलो म्हणायला मला दोन दिवस लागले. तेही तिनं विचारलं म्हणून.